अम्मींचे पाय आणि उन्हवऱ्याचे पाणी

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरातल्या मोबाईलवर एक व्हिडिओ आला. आमचा भाचा आखातात नोकरी करतो. ईदच्या सुट्टीत तो सोबतच्या लोकांबरोबर इंडोनेशियाला गेला होता. जावा बेटावर बांडुंग शहराजवळ तांगकुबान पराहू नावाचा ज्वालामुखी आहे. त्याच्या उतारावर चिआतेर हे गाव आहे आणि तिथे डोंगरातून गरम पाणी वाहत येते. त्या पाण्यावर तलाव बांधले आहेत, राहायला खोल्या आहेत. व्हिडिओत झाडीतून वाफ निघत होती आणि डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका गळ्यापर्यंत पाण्यात बसून गप्पा मारत होत्या.

आमच्या सासूबाईंनी, म्हणजे अम्मींनी, तो व्हिडिओ तीनदा पाहिला. मग म्हणाल्या, "ऐसा गरम चश्मा अपने इधर नै क्या?"

त्यांच्या नातवाने धावत जाऊन आतल्या खोलीतून त्यांचा वाचायचा चष्मा आणून दिला. घरात खूप हशा झाला. आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे राहवले नाही. पोराला जवळ बसवून सांगितले की फारसीत चश्म म्हणजे डोळा. डोळ्यावर लावतात तो चश्मा आणि जमिनीचा डोळा उघडून पाणी येते तोही चश्मा. अरबीतही ‘ऐन’ या एकाच शब्दाचे डोळा आणि झरा असे दोन्ही अर्थ होतात.

पण अम्मींचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्यांचे गुडघे दहा वर्षांपासून धरलेले. नमाज खुर्चीवर. पंधरा वर्षांपासून साखरेचा आजार. आणि शेजारच्या एका बाईंनी त्यांच्या कानात सांगितले होते, गरम झऱ्याच्या पाण्यात सात वेळा आंघोळ केली की गुडघे मोकळे होतात आणि गोळ्याही सुटतात. हा शेवटचा भाग अम्मींनी आम्हाला सांगितला नव्हता. तो आम्हाला फार उशिरा कळला.

जावा काही आपल्याला परवडणारे नाही. पण ऊन पाण्याचे झरे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत आणि भाषेच्या शिक्षकाला ते नकाशावर शोधायला वेळ लागत नाही. गावाच्या नावातच ऊन असते. आपल्या मराठवाड्यात नांदेड जिल्ह्यात किनवट तालुक्यात उनकेश्वर आहे. जळगावकडे उनपदेव. रायगडमध्ये पालीजवळ उन्हेरे. रत्नागिरी जिल्ह्यात राजापूरजवळ उन्हाळे आणि दापोली तालुक्यात उन्हवरे. ठाणे जिल्ह्यातले अकलोली, गणेशपुरी, तसेच संगमेश्वर तालुक्यातले तुरळ, राजवाडी आणि आरवली यांच्या नावात ऊन नाही, पण पाणी आहे. पालघरपासून राजापूरपर्यंत सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या पट्टीत या झऱ्यांची जणू रांगच लागलेली आहे.

आम्ही उन्हवरे ठरवले. कारण साधे होते. खेडला आमच्या जुन्या ओळखीचे एक कोकणी मुस्लिम कुटुंब राहते, त्यांच्याकडे मुक्काम होणार होता. शिवाय उन्हवऱ्यात बायकांसाठी वेगळे, भिंतीआडचे कुंड आहे हे त्यांनी सांगितले होते. ही गोष्ट नक्की झाल्याशिवाय अम्मी उंबरठा ओलांडणार नव्हत्या.

दिवाळीच्या सुट्टीत फजरची नमाज झाली आणि आम्ही निघालो. आम्ही दोघी जावा, अम्मी, मुले आणि गाडी चालवायला धाकटे दीर. बीड, बार्शी, पंढरपूर, कराड, मग पाटणवरून कोयनानगर. आमच्याकडची जमीन बाजरी-कापसाची, रस्त्याला सावली नाही. कराडच्या पुढे हिरवे सुरू झाले तशी मुले खिडकीला चिकटली. कोयनानगरला चहाला थांबलो तेव्हा अम्मी म्हणाल्या, "हे भूकंपाचेच गाव ना?" होय, तेच. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेला मोठा भूकंप झाला. आमच्या पिढीला आठवतो तो ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा. तेव्हा आम्ही शाळेत होतो. त्या रात्रीनंतर आमच्या गल्लीतली माणसे कितीतरी दिवस घराबाहेर झोपत होती.

मुलांचा पुढचा प्रश्न ठरलेला होता. कोकणात गरम पाणी येते, म्हणजे खाली ज्वालामुखी आहे का?

सातवी-आठवीच्या वर्गात हा प्रश्न दरवर्षी येतो, म्हणून उत्तर इथे नीट देतो. नाही. जावामध्ये पाणी तापते ते जवळच जिवंत ज्वालामुखीची आग असल्यामुळे. त्या देशात असे सव्वाशेहून जास्त ज्वालामुखी आहेत. भारतात जिवंत ज्वालामुखी एकच, अंदमानातल्या बॅरन बेटावर. महाराष्ट्राचा काळा दगड ज्वालामुखीतूनच आला हे खरे, पण ती गोष्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. तेव्हा जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले आणि गार झाले. सह्याद्रीत या थरांची जाडी दीड-दोन किलोमीटरपर्यंत भरते. पूर्वेकडे ती कमी होत जाते. किल्लारीच्या भूकंपानंतर तिथे खोल बोअर घेतले, तेव्हा काळा दगड सुमारे ३३८ मीटरवर संपला.

मग कोकणातले पाणी तापते कशाने? जमिनीच्या पोटात जसजसे खाली जावे तसतशी उष्णता वाढते, साधारण दर किलोमीटरला पंचवीस-तीस अंशांनी. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आमच्या बीडला सातशे पडला तरी बरे वर्ष म्हणतात. कोकणातल्या त्या पावसाचे थोडे पाणी दगडातल्या खोल भेगांत उतरते, खाली तापते आणि दुसरी भेग सापडली की वर येते. कोकणाच्या पट्टीत अशा भेगा पुष्कळ आहेत. झऱ्याला चूल लागत नाही, खोली लागते.

अम्मी हे सगळे ऐकत होत्या. काळ्या दगडाचे ऐकून म्हणाल्या, "म्हणजे बहात्तरला आम्ही फोडला तो दगड हाच?"

तोच. १९७२ च्या दुष्काळात सतरा-अठरा वर्षांच्या अम्मी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात. उकिडवे बसून दिवसभर हातोडी. पाणी इतके दूर की आंघोळ आठवड्याला, तीही तांब्या-दोन तांब्यांची. नंतर संसार झाला, नळ आला, पण सवय गेली नाही. आमच्या घरात आजही सगळ्यांच्या आंघोळी झाल्यावर बादलीत उरेल तेवढ्या पाण्यात अम्मी आंघोळ करतात. गरम पाणी ताणून ठेवले तर रागावतात. गुडघ्यांचे दुखणे त्या खडीचे आहे असे त्या म्हणतात. डॉक्टर वयाचे म्हणतात. दोन्ही खरे असेल.

रात्री इशाच्या वेळी खेडला पोहोचलो. त्या घरातल्या बायका कोकणी बोलीत बोलतात. आम्ही मराठवाड्याचे मुसलमान घरात दखनी बोलतो, त्यांची घरचीच भाषा मराठीच्या कुळातली. अम्मींना पहिल्या घासाबरोबर ती कळायला लागली. तांदळाची भाकरी आणि माशाचे कालवण. जेवणानंतर आम्ही विचारले, "अम्मी, गोळी घेतली?" त्या म्हणाल्या, "ली बेटा." आम्ही दमलो होतो. पिशवी उघडून पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हवऱ्याला गेलो. गावाजवळ येताच गंधकाचा हलका वास येतो. उगमाशी पाण्याचे तापमान सत्तर अंशांच्या आसपास आहे, म्हणजे तिथे हात घालायचे कामच नाही. ते पाणी पुढे कुंडात येते आणि अंगाला सोसेल इतके निवते. बायकांच्या कुंडाला भिंत आहे. आत चार-पाच बायका होत्या, कोणी हिंदू, कोणी आपल्या. सगळ्या कमरेचे आणि गुडघ्यांचे बोलत होत्या.

अम्मींनी आधी मसला विचारला. वास येतो त्या पाण्याने वुजू होतो का? होतो. पाण्यात वरून काही कालवलेले नसेल, वास जमिनीतूनच आलेला असेल, तर ते पाणी पाकच आणि पाक करणारेही. फक्त अंग भाजेल इतके गरम पाणी वापरू नये, असे आपल्याकडे सांगितलेले आहे. आम्ही हे मोठ्या तोंडाने सांगितले आणि तेच पाच मिनिटांत विसरलो.

आम्ही दोघी जावा कुंडाच्या कडेला कपडे, टॉवेल, साबण लावत होतो. अम्मींना पाण्यात उतरायची घाई नव्हती. त्या म्हणाल्या, आधी पाय भिजवते. ऊन पाणी जिथून आत येते त्या बाजूला कठड्यावर त्या बसल्या आणि दोन्ही पाय सोडले. चेहऱ्यावर असे समाधान की आम्हाला वाटले, आलो ते सार्थक झाले. जाऊबाईंनी विचारले, "अम्मी, पाणी फार कढत नाही ना?" अम्मी म्हणाल्या, "नै बेटा, कोमट है. कुच नै लगता."

आम्ही तिकडून पाणी घ्यायला हात घातला आणि ओरडून मागे घेतला.

पाय बाहेर काढले तेव्हा ते घोट्यापर्यंत लाल झाले होते. अम्मी आमच्याकडेच आश्चर्याने बघत होत्या. त्यांना खरोखर काही लागले नव्हते. पिण्याच्या बाटल्यांतले पाणी पायांवर ओतत राहिलो. एका बाईंनी टूथपेस्ट लावा म्हटले, दुसरीने हळद. आम्ही काही लावले नाही, कारण भाजल्यावर वीसेक मिनिटे साधे गार पाणी आणि मग स्वच्छ सुती कापड, एवढे प्रथमोपचार शाळेत आम्हीच मुलांना शिकवतो. बर्फही नाही. खेडला पोहोचेपर्यंत उजव्या पायाच्या बोटांवर दोन फोड आले होते.

डॉक्टरांनी फोड पाहिले, पट्टी बांधली. मग अम्मींना डोळे मिटायला सांगून त्यांनी पायाच्या अंगठ्याला टोक लावले. "काय वाटते?" अम्मी गप्प. दुसऱ्या जागी. गप्प. टाचेला लावले तेव्हा म्हणाल्या, "आता हात लावला का?" साखर तपासली तर जेवणाआधीच तीनशेच्या वर. गोळ्या कुठल्या, विचारल्यावर अम्मींनी खाली पाहिले. गोळ्यांचा डबा बीडला कपाटात होता. आठ दिवस आधीच बंद केल्या होत्या. "पानी पे भरोसा करना तो पूरा करना," एवढेच त्या बोलल्या.

रागवायचे होते, पण शब्द निघेना. कारण डॉक्टरांचा पुढचा प्रश्न आम्हाला होता. "पाय कधीपासून बधिर आहेत?" आम्हाला माहीत नव्हते. अम्मींनी सांगितले, वर्षापेक्षा जास्त झाले. चप्पल पायातून निसटते ते कळत नाही. रात्री पायाला मुंग्या येतात. सांगितले का नाही? "तुम्ही दोघी सकाळी शाळा-दवाखाना पळता. पायाचे काय सांगायचे!" जाऊबाई दवाखान्यात नर्स आहेत. त्या उठून बाहेर गेल्या आणि बराच वेळ आत आल्या नाहीत.

हे सगळे लिहायचे कारण एवढेच. साखर बरीच वर्षे जास्त राहिली की पायाच्या नसा मंदावतात. आधी मुंग्या, जळजळ, मग हळूहळू काहीच नाही. दुखत नाही म्हणून माणूस बरे समजतो. पण न दुखणारा पाय जास्त धोक्याचा. त्याला खडा टोचला, चप्पल चावली, पाणी भाजले, तरी तो सांगत नाही. जखम चिघळते आणि बोट किंवा पाय कापायची वेळ येते. उमराह आणि हजला गेलेल्या साखरेच्या रुग्णांचे तळवे तापलेल्या फरशीवर अनवाणी चालून भाजल्याचेही डॉक्टरांनी नोंदवून ठेवले आहे. आपल्या गावात उन्हाळ्यात मशिदीच्या अंगणात, दर्ग्याच्या फरशीवर हेच होऊ शकते.

आणि गंमत पाहा. पाय दिवसातून पाच वेळा धुणारे आपण. बोटांच्या मधे बोट फिरवून धुवायचे, हेही लहानपणीच शिकतो. पाच वेळा हात पायावरून फिरतो आणि तरी आमच्या घरातला बधिर पाय कोणी पाहिला नाही. अम्मींना वाकता येत नाही, तळवा दिसत नाही. त्यांनी दिसेल तेवढाच धुतला आणि आम्ही पाण्याचा तांब्या ठेवून निघून गेलो.

आता आमच्या घरात नियम झाला आहे. इशाच्या वुजूच्या वेळी आम्हा दोघींपैकी एक अम्मींच्या पायाशी बसते. पाय कोरडे पुसायचे, बोटांच्या मधे ओल ठेवायची नाही. तळवा उजेडात पाहायचा, लाली, भेग, फोड, नखाचा कोपरा. वुजूचे ऊन पाणी आधी आपल्या कोपराने तपासायचे, त्यांच्या पायाने नाही. घरातही त्या चप्पल घालतात. सहा महिन्यांनी डॉक्टर बारीक नायलॉनचा दोरा टेकवून पाय तपासतात. पाच मिनिटांचे काम आहे. तुमच्या घरी साखरेचे कोणी असेल तर पुढच्या तपासणीला मोजेही काढायला लावा आणि "पाय पाहा" असे डॉक्टरांना सांगा. विचारायला संकोच करू नका.

फोड भरायला तीन आठवडे लागले. तेवढे दिवस अम्मींना नमाजची काळजी. पट्टीवर ओला हात फिरवून मसह करता येतो, हे सांगितले तेव्हा कुठे त्यांचे मन शांत झाले. गोळ्या पुन्हा सुरू आहेत. शिफा अल्लाहकडून आहे, पण औषध घ्यायला आपल्याला मनाई नाही, उलट उपचार करा असेच आपल्याला शिकवले आहे. ही गोष्ट आम्ही त्यांना समजावली नाही, मशिदीच्या इमामसाहेबांनी समजावली. आमचे त्यांनी ऐकले नसते.

मग ऊन पाण्याच्या झऱ्याला जाऊच नये का? जरूर जावे. गरम पाण्याने आखडलेले स्नायू सैल होतात, सांध्यांचे दुखणे काही वेळ हलके होते, झोप चांगली लागते. एवढे तो देतो. आजार मुळापासून काढणे त्याच्या हातात नाही. जाताना काही गोष्टी सांभाळा. पाणी निरोगी माणसाने हाताने पाहिल्याशिवाय म्हाताऱ्या माणसाला आणि मुलांना उतरवू नका. दहा-पंधरा मिनिटांत बाहेर या. रक्तदाबाच्या माणसाला एकदम उठल्यावर चक्कर येते, म्हणून हळू उठा आणि साधे पाणी प्या. पोटुशी बाईने आणि उघडी जखम असलेल्याने बसू नये. मुलांना डोके बुडवू देऊ नका. कोमट पाण्यात एक सूक्ष्म जीव असू शकतो, तो नाकावाटे मेंदूत गेला तर फार घातक. क्वचितच घडते, पण नाक वर ठेवायला काही खर्च नाही.

शेवटी एक राहिले. डॉक्टरांकडून आल्यावर आम्हाला वाटले, आता सरळ बीड गाठावे. अम्मी म्हणाल्या, एवढ्या लांब आले आणि पाण्यात बसले नाही. खेड गावातही गरम पाण्याचे कुंड आहे, पण पट्टी भिजवायची नव्हती. मग आमच्या कोकणी मेजवान बाईंनी मोठे पातेले चुलीवर ठेवले. न्हाणीघरात खुर्ची मांडली, अम्मींचे पाय दुसऱ्या स्टुलावर प्लास्टिकच्या पिशवीत. पाणी कोपराने तपासून आम्ही दोघींनी त्यांच्या पाठीवर, गुडघ्यांवर तांब्याने ओतले, तांब्यामागून तांब्या. अम्मी दर वेळी म्हणत होत्या, "बस, बस, तुमच्यासाठी राहू द्या." वाहत्या नदीकाठीही पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आम्हालाही आहे. पण त्या दिवशी आम्ही त्यांचे ऐकले नाही. पातेले संपेपर्यंत ओतले.

बीडला त्यांची आंघोळ आता सगळ्यांच्या आधी होते. रोज भांडण होते, रोज आम्ही जिंकतो. वाचक भगिनींनो, आज इशाच्या आधी आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या पायाशी दोन मिनिटे बसा. अल्लाह सगळ्यांच्या आई-वडिलांना सुखरूप ठेवो.